विम्यावरचा अंगठा

सार चुलीच्या कडेला आहे, भात झाकून ठेवला आहे. जेवून मग वाचलेत तरी चालेल.

मी तिरुविडैमरुदूरला अण्णांकडे जाते आहे. कोणी विचारले तर माझ्या भावाला बरे नाही म्हणा. खोटे बोलणे तुम्हाला जड जात नाही.

सकाळी तुम्ही बाहेर असताना विमा कंपनीचे कारकून पावती द्यायला आले होते. तुमच्या माघारी माझे हाल होऊ नयेत म्हणून उतरवलेला विमा तुम्ही मोडलात, हे मला त्यांच्याकडून कळले. विमा माझ्या नावे होता, म्हणून अमक्याची बायको असे लिहून मी सही करायला हवी होती. तुम्ही त्यांना म्हणालात, ती नवऱ्याचे नाव घेत नाही, लिहिणार तर त्याहून नाही, अंगठा घ्या. कारकून आपल्यातलेच, त्यांना पटले. त्या दिवसांत वन्संच्या अंगठ्याला शाई मी पाहिली होती; तो अंगठा त्यांचा आहे, हे मी कारकुनांना सांगितले नाही.

म्हणजे गोविंदपुरमच्या उत्सवात तुम्ही घातलेल्या पंगती त्या पैशांवर उठल्या. मी तिथे कंबर मोडेपर्यंत पायस वाढत होते. बायका म्हणाल्या, तुझे यजमान फार उदार. मीही हसून मान डोलावली.

वन्संना आज गरम वाढा. त्यांनी तुमच्यासाठी हात काळे केले आहेत.

कारकून शुक्रवारी पुन्हा येणार आहेत. ही चिठ्ठी त्यांना दाखवा, नाहीतर चुलीत घाला. अशीच दुसरी लिहून मी बरोबर घेतली आहे.

सही,
विशालाक्षी, व्यंकोबाराव नरसिंगराव यांची बायको