उणे एकोणीस

नौपाडा, ठाणे
गुरुवार, दुपार

ती. ताईस,

हेमूचा नमस्कार. तुझा गुडघा, भावोजींची साखर आणि तुमच्या इमारतीची लिफ्ट या तिघांची प्रकृती बरी असेल अशी आशा आहे. (तिघांची खबर मला कल्याणच्या आवडामावशीकडून कळते. ती तुझी बातमी मला सांगते, माझी तुला सांगते आणि दोन्ही वेळा वर थोडं मीठ भुरभुरते. पंच्याऐंशीव्या वर्षी तिला तेवढाच विरंगुळा.) इकडे आम्ही दोघं ठीक. ह्यांचा हात अलीकडे जास्त कापतो. चहा आणला की कपबशी वाजत येते, त्यामुळे चहा आल्याचं मला न बघता कळतं. देव एकाचं काढून दुसऱ्याची सोय करतो, तो असा.

समीक्षाच्या लग्नाची पत्रिका मिळाली. कुरिअरने. अक्षता पुडीत घालून चिकटपट्टीने लावल्या होत्या. ज्या मुलीला मी पहिला सव्वा महिना पायांवर घेऊन न्हाऊ घातलं (इतक्या जवळचं मूल मला चष्म्याशिवायही लख्ख दिसायचं, तिच्या पापण्या मी मोजलेल्या आहेत), तिच्या लग्नाचं आमंत्रण सख्ख्या मावशीला कुरिअरवाल्याने केलं. सही कुठे करायची ते मला त्याच्या मोबाइलवर दिसेना, तेव्हा त्याने माझं बोट धरून काचेवर फिरवलं. तुमच्या डोंबिवलीहून निदान हात धरायला कुणी तरी आलं, अशी मी मनाची समजूत घातली. राग धरलेला नाही. आम्हाला कॉन्व्हेंटात राग गिळायला शिकवलं होतं. पचवायचा कसा, ते तेवढं शिकवायचं राहिलं.

कॉन्व्हेंट म्हटलं की तुझ्या कपाळाला आठी पडते, ठाऊक आहे. मला नन्सच्या शाळेत घातलं आणि तुला नगरपालिकेच्या, हा तुझा जुना सल. पण त्यात लाड नव्हते गं. इंग्रजी पुस्तकांतली अक्षरं मोठी असतात, असं आईला कुणीतरी सांगितलं, एवढंच कारण. (ती मोठी नव्हती. पहिल्याच दिवशी कळलं. पण तोवर फी भरून झाली होती.) आणि शाळेपर्यंत मला पोचवायचं काम तुझ्याकडे आलं. कोपरीतून निघालो की तू माझं मनगट पकडायचीस आणि वाटेतलं जग मोठ्याने वाचत जायचीस. पायरी. खड्डा. गाय. पुढून जोशीकाकू येताहेत, हस. मास्तर आहेत, नमस्कार कर. मी हसायचे, नमस्कार करायचे, आणि सगळी कोपरी म्हणायची, धाकटी काय गुणाची आहे. माझं सगळं वळण तुझ्या तोंडून आलेलं होतं. तू मधूनमधून सूडही उगवायचीस. एकदा मदर सुपीरियर उभ्या आहेत म्हणालीस आणि मी चुना फासलेल्या खांबाला गुडघा वाकवून गुड मॉर्निंग मदर म्हटलं. खांबाने उत्तर दिलं नाही म्हणून पुन्हा म्हटलं. तू पोट धरून हसलीस आणि मग कितीतरी दिवस तुझ्या डब्यातला गूळ मला देत होतीस.

अशा मनगट धरणाऱ्या बहिणीने अकरा वर्षांपूर्वी सगळ्या नात्यात पुकारा केला, की हेमू गोखले रोडवर समोरून आली, माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवून गेली. ताई, तेव्हाही सांगितलं, आजही सांगते. मला तू दिसली नाहीस. उजवा डोळा उणे एकोणीस, डावा उणे एकवीस. चष्म्याच्या काचेतून मला माणसं दिसतात ती काड्यापेटीएवढी, आणि त्या काड्यापेटीवरचं चित्र पुसलेलं. हाक मारली असतीस तर गर्दीतही तुझा आवाज ओळखला असता. पण तू हाक मारली नाहीस. तू हात केलास! जिला आयुष्यभर पायरी-खड्डा-गाय सांगितलं, तिला लांबून हात केलास आणि ती काय करते ते पाहत राहिलीस. आणि हे आई गेल्यावर चौथ्या महिन्यात. आई तुझ्या घरी शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा तू मला फोन केला नाहीस. हेमूला अंधारात दिसत नाही, कुठे धडपडत येईल, असं तू परस्पर ठरवलंस. सकाळी आले तेव्हा आईचे हात गार होते. माझ्या डोळ्यांचे निर्णय तू लहानपणापासून घेत आलीस, त्यातला हा शेवटचा. असो. लग्नघरी जाणाऱ्या पत्रात हे लिहू नये, पण पेन म्हणजे काही मी नव्हे, की कुणी मनगट धरलं तिकडे जाईल.

तर मी लग्नाला येणार आहे. लग्न ठरल्याचं आवडामावशीकडून कळलं, तेव्हाच ते ठरवलं होतं. आणि या वेळी दारातूनच एकेकाला नावाने हाक मारणार आहे, कुणी हात करायच्या आधी. पुन्हा कुणी म्हणायला नको, हेमू ओळख दाखवत नाही. डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला सक्त नको म्हटलंय (पडदा जुन्या मलमलीसारखा झाला आहे म्हणे). तेव्हा उरल्या कॉन्टॅक्ट लेन्स. बासष्टाव्या वर्षी. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, लग्न समीक्षाचं आहे ना?"

पहिल्या दुकानात गेले तिथल्या गृहस्थांनी माझा चष्मा हातात घेऊन तोलला, मग आतून आणखी दोघांना बोलावलं आणि तिघांनी तो आळीपाळीने डोळ्यांना लावून "बाप रे" म्हटलं. तोवर मी चष्म्याविना उभी. कुणाकडे पाहून ओशाळं हसायचं तेही कळेना, म्हणून मधल्या धुरकट आकाराकडे पाहून हसले. तो टेबलफॅन निघाला. या नंबराच्या लेन्स तयार मिळत नाहीत, खास बनवून घ्याव्या लागतील, म्हणाले. बनवून घेतल्या. मऊ होत्या, साबुदाण्याच्या पापडासारख्या. पण या वयात डोळे आपले स्वतःचेच कोरडे, त्यात तो पापड पाणी पिऊन बसतो. दुपारपर्यंत डोळ्यांत वाळू. एका संध्याकाळी काढायला गेले तर उजवीकडची निघेचना. पाऊण तास मी आरशासमोर चिमटीत धरून ओढतेय, डोळा जास्वंदीसारखा लाल झालेला, आणि ह्यांना बेसिनच्या कडेला चिकटलेली लेन्स सापडली. पाऊण तास मी माझं स्वतःचं बुबुळ काढायचा प्रयत्न करत होते, ताई. ते निघालं नाही, एवढं जुनं काम पक्कं होतं.

मग कल्याणला एका डॉक्टरांकडे कडक लेन्स बसवल्या. टिकलीएवढ्या, निळसर, दिसायला गोड. पंधरा दिवसांत सवय होईल, म्हणाले. लग्न झालं तेव्हा सासूबाईंच्या बाबतीत मला हेच सांगितलं होतं. डोळ्यात खडा घालून हसतमुख राहणं मला नवं नाही, पण बाविसाव्या दिवशी त्यातली एक, पापणी मिटताच, उडाली आणि आमटीत पडली. सापडली, धुतली, पण मग ती घालवेना. फोडणीचा वास डोळ्याला येत होता असं मी म्हटलं, तर डॉक्टर हसले. मी विनोद केला नव्हता.

शेवटी इथेच नौपाड्यात कल्पिता भेटली. लेन्स बसवण्याचंच शिकलेली, बारीक, तिशीची, बोलायला फटकळ. तिने मोठ्या लेन्स दिल्या, बुबुळाला न टेकता पांढऱ्या भागावर बसणाऱ्या. त्यात मिठाचं निर्जंतुक पाणी भरायचं, चेहरा जमिनीशी समांतर करून खाली आरसा ठेवायचा आणि वाटीत तोंड घातल्यासारखा डोळा त्यात घालायचा. "मावशी, पापणी सोडा. अहो, लेन्स घालतेय, जीव नाही काढत," असं ती शिकवताना रोज म्हणायची. आणि गंमत म्हणजे या टोचत नाहीत. मुळीच नाही. डोळ्यावर काही आहे असं वाटतच नाही. आत खारट पाणी आधीच भरलेलं, त्यामुळे रडण्याचीही आगाऊ सोय. तीन दुकानं आणि सात महिने, पण सुख लागलं. आता लांबचं दिसतं, तर जवळचं वाचायला चष्मा लागतो. म्हणजे चष्मा जावा म्हणून लेन्स घातल्या, आणि त्या घालून तुझी पत्रिका वाचायला पुन्हा चष्मा चढवला. कल्पिता म्हणाली, "वयाला लेन्स नसते, मावशी."

पण काय दिसतं म्हणून सांगू! सगळं आपल्या मूळ मापाचं. ह्यांचं नाक एवढं मोठं आहे हे मला लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर कळलं. पंख्याची पाती पाहून मी मोलकरणीला दिलेली सगळी प्रशस्तिपत्रकं मनातल्या मनात परत घेतली. आणि समोरच्या इमारतीतली ती बाई. तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत फुलाफुलांचा गाऊन घालून उभी असते, मी रोज सकाळी तिला हसून मान डोलावते आणि ती ढिम्म. नऊ वर्षं मी तिच्यावर चिडून आहे. सोसायटीच्या हळदीकुंकवात मी तिचा उल्लेख 'ती शिष्ट' असा केलेला आहे. ते वॉशिंग मशीन आहे, ताई. फुलाफुलांचं कव्हर घातलेलं. ओळख दाखवली नाही म्हणून नऊ वर्षं राग धरायचा, आणि समोर कोण आहे ते एकदाही जवळ जाऊन पाहायचं नाही. (तुला काही सुचवत नाही. मशीनबद्दल लिहिते आहे.)

आणखी एक. पहिल्या दिवशी आरशात पाहिलं तर माझे डोळे मोठे आहेत. जाड भिंगांमागे ते मोहरीएवढे दिसायचे, आणि चष्मा काढला की मला आरसाच दिसायचा नाही. त्यामुळे ते माझे मीच कधी पाहिले नव्हते. आईचे आहेत. अगदी तसेच, खालच्या पापणीला जरा ओघळलेले. आई म्हणायची, हेमूचे डोळे माझे आहेत, आणि आपण दोघी हसायचो. तुझ्याकडे तिची चाल गेली, माझ्याकडे डोळे आले. चालीचा तुला उपयोग तरी झाला.

भावोजींना नमस्कार. समीक्षाला आशीर्वाद. तिला सांग, पापण्या मोजणारी मावशी येते आहे.

तुझी,
हेमू

ता. क. — मुख्य काम राहिलंच. या लेन्स मला घालता येतात, काढता येत नाहीत. त्या काढायला रबराची बोटभर नळी असते, टोकाला वाटीसारखं तोंड. मोरी तुंबल्यावर वापरतो त्या प्लंजरचं बाळच. ते लेन्सला चिकटवून अलगद ओढायचं. रोज संध्याकाळी कल्पिता काढते. लग्न रविवारी, तेव्हा तिचा दवाखाना बंद, आणि लेन्स दिवेलागणीच्या आत निघायलाच हव्यात. ह्यांच्या हातून ते काम झालं तर नळी कानात जाईल. डोळ्यात कुसळ गेलं की तू मला ओट्याशी उभी करून, पदराचं टोक ओलं करून एका झटक्यात काढायचीस, तेवढा हलका हात मला पुन्हा कुणाचा भेटला नाही. तेव्हा रविवारी पाठवणी झाली की तुझ्याकडे यावं लागेल. आणि लेन्स काढल्यावर मला दिसणार नाही, म्हणून राहावंही लागेल. अंथरूण कुठेही घाल. नळी मी आणते.

ता. क. दुसरा — पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं आहे. वर लिहिलेली एक गोष्ट खरी नाही. त्या दिवशी गोखले रोडवर मला दिसलं होतं. चेहरा नव्हे, लांबचे चेहरे तेव्हा मला दिसतच नव्हते. आईची ती मोरपंखी काठांची अबोली साडी दिसली, आणि डावा पाय किंचित ओढत येणारी चाल. आईला जाऊन चार महिने झाले होते, तरी मी मनात म्हटलं, आई आली. पाच-सहा पावलं मी अगदी सुखात चालले. मग ती जवळ आली, तिने हात वर केला, आणि ती तू झालीस. तू आई नाहीस, याचा मला इतका राग आला ताई, की मी मान फिरवली. मग अकरा वर्षं सगळ्यांना सांगितलं, दिसलं नाही, आणि सगळ्यांनी विश्वास ठेवला, एक तू सोडून. माझा नंबर आयुष्यात एकदाच माझ्या उपयोगी पडला, तो असा.

साडी तुझ्याकडेच असेल. लग्नात नेसावीशी वाटली तर नेस. या खेपेला हाक मी मारीन.