कात्री लावण्याआधी

प्रिय टेपबाई,

दुकान जागेवर आहे, मीही आहे. तुझं शिलाई मशीन झाकून ठेवलंय आणि त्याला मी नेमाने तेल घालतो, कारण ते माझ्याइतकं कुरकुरत नाही. बातमी आधी सांगून टाकतो, नाहीतर तू शेवट आधी वाचशील. मला प्रोस्टेटचा कॅन्सर निघालाय. लगेच खुर्ची शोधू नकोस. अगदी सुरुवातीचा आहे, ग्रंथीच्या आतच आहे. रक्तातला आकडा वाढलेला दिसला, मग सुईने तुकडे काढून तपासले (त्या दुपारचं वर्णन भेटीसाठी राखून ठेवतो). नुसतं लक्ष ठेवून थांबण्यातला माझा प्रकार नाही म्हणतात. ऑपरेशनला मी हो म्हटलंय. प्रश्न आहे तो कापायचं कसं हा, म्हणजे आपल्याच धंद्यातला.

सर्जन बाई आहेत. वयाने इतक्या लहान, की त्यांचा शाळेचा गणवेश आपणच शिवला असेल. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. रेघ वाकडी होती. मी बोललो नाही, कारण सुरी त्यांच्या हातात असणार. अक्रोडाएवढी ग्रंथी असते, ती अख्खी काढायची. एक रीत म्हणजे बेंबीखाली सरळ चीर देऊन, हाताने. दुसरी, पोटाला पाच-सहा बारीक भोकं पाडून त्यांतून रोबोचे हात घालायचे. दुसरीत रक्त कमी जातं, घरी लवकर सोडतात. पुढचं बरं होणं दोन्हींत जवळपास सारखंच. मी गिऱ्हाइकासारखं विचारलं, शिवणार कोण? त्या म्हणाल्या, रोबो आपण होऊन बटणही लावत नाही, त्याच्यामागे मीच बसते. ग्रंथी काढली की मूत्राशय खाली ओढून मूत्रनळीला गोल टाके घालतात, आपण बाही खांद्याला बसवतो तसं. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं, की बाईंना वाटलं माणूस धीराचा आहे. टाके जुळेपर्यंत आठवडाभर लघवीची पिशवी बाळगायची, मग काही महिने गळती. छत्रीसुद्धा माझ्यापेक्षा भरवशाची ठरणार.

आपल्या काजेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, हाताचंच घ्या, मशीनचं काज धुतल्यावर दोरे सोडतं. मी म्हटलं, मला कोणी धुवायला टाकणार नाहीये. तरी दिवसभर तो माझ्या पोटाकडे मापं घेतल्यासारखा बघत होता. शेवटी मी रोबोच घेतला.

तुला आपल्या दुकानाचा कायदा आठवतो ना? कापडाला कात्री लावायच्या आधी दुसऱ्याने खडूची रेघ बघायची. तू मान तिरकी करून बघायचीस, टेप गळ्यात, टाचण्या ओठांत, त्यामुळे बोलता यायचं नाही. भुवई वर गेली की मी मुकाट्याने रेघ पुसायचो. मग तुझ्या ताईंच्या आजारपणात तू त्यांच्या गावी गेलीस. ताई गेल्या, तू त्यांच्या घरात राहिलीस, पुढे तिथेच दुकान थाटलंस. परत कधी येतेस हे मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. दोघंही समजूतदार, म्हणून हा घोळ. तू गेल्यावर मी एका वकिलाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. भला माणूस, आरशासमोर उभा राहून बराच वेळ स्वतःच्या उजव्या हातावरच संशय घेत होता. मी हसून तुझ्याकडे वळलो, तर स्टूल रिकामं.

आता लिहिण्याचं खरं कारण. त्या ग्रंथीला दोन्ही बाजूंनी नसा चिकटलेल्या असतात, कापडाला अस्तर असावं तशा. त्या वाचल्या तर नवरेपण परत येण्याची आशा असते, खात्री नाही. उजवीकडच्या वाचतील. डावीकडे गाठ अगदी कडेला आहे. नसांसाठी काठाकाठाने कापलं तर कॅन्सरचा एखादा धागा आत राहू शकतो. माया सोडून, म्हणजे गाठीभोवती जास्तीची जागा धरून कापलं तर नसा जातात. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “तुमच्यासाठी हे किती महत्त्वाचं आहे? घरी कोण असतं?” मी म्हणालो, “बायको. गावाला गेलीय, येईलच.” त्या म्हणाल्या, मग दोघं मिळून या, फार लांबवू नका. दारापर्यंत आलो तेव्हा कळलं, की मी तुझ्या वतीने वेळ देऊन बसलोय.

या वयात त्याचं काय एवढं, असं काजेवाल्याला सांगता येतं. तुला सांगवत नाही. पलंगाच्या त्या बाजूला मला अजून तू हवी आहेस, तुझ्या गार पावलांसकट. जगायचं मी ठरवलंय. बाई म्हणाल्या तर डावीकडे सढळ कापू देत. पण काय वाचवायचं आणि कोणासाठी, हे एकट्याने ठरवायला बसलो की माझ्या दोन्ही बाह्या डाव्या होतात. म्हणून एकदा ये, रेघ बघून जा. कायमची ये असं म्हणत नाही. म्हणजे म्हणतोच आहे, पण ते तू आल्यावर. बोलली नाहीस तरी चालेल. टाचण्या ओठांतच असू देत, भुवई तेवढी मला दिसू दे.

आज अख्खा, आणि नंतर जेवढा उरेन तेवढाही,
तुझाच