पेडलखालची स्प्रिंग

बाबा,

आज सकाळी गाडीच्या सर्व्हिस सेंटरमधून एक इंजिनिअर घरी येऊन गेला. लॅपटॉप जोडून तासभर तपासत बसला आणि मग इथल्या बंगाली रीतीने मला मावशी करून म्हणाला, "माशिमा, ब्रेक एकदम ठीक आहे." मी म्हटलं, पण पायाला काही लागतच नाही, पेडल मेल्यासारखं वाटतं. तो हसला. या गाडीत पेडलचा चाकांशी थेट संबंधच नाही म्हणे. मी किती दाबलं ते तारेतून कळतं आणि थांबवायचं काम यंत्र करतं. "पायाला जे लागतं ना, ती खाली बसवलेली स्प्रिंग आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून." तुम्ही असतात तर कस्टम्समधल्या सवयीने त्याची उलटतपासणी घेतली असतीत.

खिदिरपूरच्या गोदीजवळचा रविवारचा रिकामा रस्ता मला अजून दिसतो. मी कॉलेजात आहे, कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी शिकवल्यासारखे गुडघे जुळवून स्टिअरिंगमागे बसले आहे, आणि तुम्ही म्हणता, "अगं, चर्चमध्ये नाही बसलीस, पाय मोकळा सोड." मी ब्रेक असा दाबते की थर्मासच्या झाकणातला चहा तुमच्या पांढऱ्या पँटवर सांडतो. "ब्रेक म्हणजे झुरळ नव्हे!" तुम्ही ओरडता. मग पँट झटकत, हळू आवाजात, "अर्धा दाब. थांब. गाडी काय म्हणते ते पायाला कळू दे. मग उरलेला दाब." पुढे सगळं आयुष्य मी तशीच गाडी चालवली. रस्ता ओला आहे, ब्रेक ऑइल कमी झालंय, हे मला तळपायाला आधी कळायचं.

आता आम्ही डमडमच्या फ्लॅटमध्ये असतो. तुमचे जावई दोन वर्षं अंथरुणावर आहेत. अर्धांगवायूनंतर बोलणं गेलं, पण मी खोलीतून उठले की डोळे माझ्या मागे येतात. आठवड्यातून तीन सकाळी दोन तास आया येते. तेवढ्यात मी औषधं आणायला म्हणून निघते आणि बागबाजारच्या नदीकाठच्या घाटापर्यंत जाते. घाटाजवळच्या वळणावरून परत फिरायचं. मला बाहेरचं जग एवढंच उरलं आहे. नवी गाडी बंगळुरूच्या तुमच्या नातवाने घेऊन दिली, "आई, ते जुनं खटारं वीक आता," म्हणाला.

गेल्या आठवड्यात त्या वळणावर मी भाजी नेणाऱ्या एका तीनचाकी सायकल-व्हॅनला मागून धडकले. फ्लॉवरचे गड्डे रस्त्यावर घरंगळले. व्हॅनवाला उतरून म्हणाला, "दीदी, घुमोच्छिलेन नाकि?" झोपला होतात की काय! त्याला लागलं नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून गड्डे गोळा केले. घरी पोचते तोवर मुलाचा फोन. गाडीने परस्पर त्याच्या मोबाइलवर कळवलं होतं.

"आई, काय झालं?"

"ब्रेकच लागला नाही रे."

"मग तपासून घेऊ. दोष निघाला तर गाडी परत करायची. नाही निघाला तर ड्रायव्हर ठेवायचा. तू चालवायचं बंद."

काहीही निघालं तरी माझे दोन तास गेलेच. ड्रायव्हर भला असेल, पण तो मला औषधांच्या दुकानाशी नेईल आणि दार उघडून उभा राहील.

इंजिनिअरचा रिपोर्ट संध्याकाळी मुलाकडे जाणार आहे. मी उत्तर तयार ठेवलं होतं: आजोबांनी लावलेली सवय, अर्धा ब्रेक दाबून पेडलच्या उत्तराची वाट पाहत राहिले, आणि या गाडीत ते उत्तर येतच नाही. त्याला ते पटलं असतं, कदाचित गहिवरलाही असता. तुम्हाला सांगायला बसले आणि लिहवेना. हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, म्हणून खरं लिहिते.

त्या दिवशी मी अर्धाही दाबला नव्हता. व्हॅन मला लांबूनच दिसली होती. तिथे वेग कमी करायचा, वळायचं आणि घरी जायचं, हे पायाला पाठ आहे. पाय ब्रेकवर गेलाच नाही, बाबा. मला वळायचं नव्हतं. क्षणभरच, पण पुढे एक माणूस पाठमोरा पेडल मारत होता. गाडी आपोआप मंदावली म्हणून निभावलं.

रिपोर्ट जायच्या आत मी मुलाला फोन करणार आहे, ड्रायव्हर ठेव म्हणून सांगायला. का, असं त्याने विचारलं तर वय झालं म्हणेन.