लेकीच्या गावी भाड्याचं घर

९ जानेवारी १९७८, हिंगोली
निर्णय झाला. विजयाच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला जायचं, पण तिच्या घरी उतरायचं नाही. लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं अन्न बापाने घ्यायचं नसतं. आमचे वडील शिरड शहापूरला आत्याकडे जात, तेव्हा पाण्याचा तांब्यासुद्धा घरून नेत. आत्या दारात उभी राहून रडायची, पण वडील डळमळले नाहीत. मीही तहसील कचेरीत हेडक्लार्क असताना भल्याभल्या साहेबांपुढे डळमळलो नाही. जावई सूर्यकांतरावांना पत्र टाकलं. तिकिटं तुम्ही पाठवलीत, ठीक. पण आमच्यासाठी सामानासकट एक फ्लॅट भाड्याने पाहावा.
सौ. म्हणाली, त्या लेकरांना काहून तकलीफ देऊन राहिले? बायकांना तत्त्व कळत नाही.

४ फेब्रुवारी, हिंगोली
औंढ्याला जाऊन नागनाथाचं दर्शन घेतलं. वाचनालयात सत्कार. नारळ, हार, चिवडा. भाषणात मी ‘स्वतंत्र फ्लॅट’ हा शब्द तीनदा आणला. रामकिशन कंपाउंडर उठून विचारतो, सख्खी लेक असताना भाड्याचं घर काहून? अशा माणसाला काय उत्तर देणार. हसून सोडून दिलं.
संकल्प : स्वयंपाक स्वतः करणार. रोज एक तास इंग्रजी संभाषण. परत आल्यावर अनुभवांचं पुस्तक, निदान दोनशे पानी.

१० फेब्रुवारी, लेस्टर
शी. शी. शी.
विमानाबद्दल उद्या लिहीन. आधी हा फ्लॅट. दुसरा मजला, अंधारा जिना, आणि सगळीकडे सतरंजी. न्हाणीघरातसुद्धा सतरंजी! ती ओली. संडासात तांब्या नाही, नळ नाही, कागद. ज्या कागदावर मी जन्मभर नोटिंग केलं, तो कागद. घरमालकीण मडमने टब दाखवला. त्यात पाणी भरायचं, आत बसायचं, अंगाचा मळ काढायचा आणि त्याच पाण्यातून उठायचं. मी विचारलं, मग आंघोळ कधी करायची? तिला प्रश्न समजला नाही.
गादीवर मागच्या आठवड्यात दुसरंच कोणी झोपलं होतं. त्याच्या मागच्या आठवड्यात तिसरंच. उशीवर एक लाल केस सापडला. मी खुर्चीवर बसून आहे.
विजया दारापर्यंत आली होती. पोट बरंच मोठं दिसतं. म्हणाली, आबा, घरी चला, गरम वरणभात केलाय. मी नियम समजावून सांगितला. ती दारातूनच परत फिरली. तिला पटलं असावं.

११ फेब्रुवारी
सौ. विजयाकडे राहायला गेली. म्हणे, मी बाळंतपणाला आले, उपाशी मरायला न्हाई. बाळंतपणाच्या ड्युटीवरच्या स्त्रीला मी खास सूट दिली आहे. जाताना हिंगोलीहून आणलेली ज्वारीच्या पिठाची पिशवीही तिने उचलून नेली. हरकत नाही. मी भात करणार आहे.

१२ फेब्रुवारी
भात करण्याआधी भांडी शुद्ध करणं आलं. इथल्या पातेल्यात मागच्या भाडेकरूने काय शिजवलं असेल, नुसत्या विचाराने अन्न वर येतं. तव्यावर कसल्यातरी चरबीचा थर. साबणाने असली घाण जात नाही, राख पाहिजे. मडमकडे राख मागितली. तिने सिगरेटचं ताट आणून दिलं. शिसारी आली.
शेवटी स्वतःच राख तयार केली. मोरीत म्हणजे सिंकमध्ये वर्तमानपत्रं जाळली. कागद चांगला जाड होता, धूरही चांगला झाला. वरच्या मजल्यावरचा माणूस ओरडत खाली आला. मग मडम, मग लाल मोटारीतून टोप घातलेले दोघे. मी शांतपणे इंग्रजीत सांगितलं की आय ॲम मेकिंग ॲश फॉर प्युरिटी. आजचा इंग्रजी संभाषणाचा तास अशा रीतीने पुरा झाला.
राख ओली झाल्यामुळे वापरता आली नाही. रात्री केळी खाल्ली.

१४ फेब्रुवारी
केळी.
विमानाबद्दल लिहायचं राहूनच गेलं. तसं त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं. सगळे एकमेकांसमोर खात होते.

१५ फेब्रुवारी
प्रश्न सुटला! सौ.ने जवळच एक गुजराती बाई शोधून काढली. आफ्रिकेतून आलेली, डबे करते. जेवण परक्याचं, त्यामुळे नियमाला बाधा नाही. सूर्यकांतराव कारखान्यात जाता जाता डबा ठेवून जातील.
डबा आला. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, वर शेंगदाण्याची चटणी. गुजराती बाईला हिंगोलीची भाकरी इतकी बराबर कशी जमते? विचार केल्यावर उमगलं : पीठ आपलं आहे. पिठातच सगळं असतं.

१९ फेब्रुवारी
परदेशात आपला मान आपणच राखावा लागतो. काल डबा जरा गार होता. सूर्यकांतरावांजवळ निरोप दिला की मेसवालीला सांगा, गार अन्न मला चालत नाही. आजपासून दोन वेळा ताजा डबा येतो. नीट सांगितलं की माणसं ऐकतात.
मात्र फ्लॅटची किळस कमी होत नाही. आज सोफ्याच्या फटीतून कोणाचा तरी मोजा निघाला. एकच. ओलसर. चिमट्याने धरून फेकला, मग आंघोळ केली, मग त्या आंघोळीचीच किळस आली म्हणून तांब्याने पुन्हा केली. सतरंजी भिजली. मडमने खालून काठी ठोकली.

२४ फेब्रुवारी
विजया आली होती, तेही डब्याच्याच वेळेला. सूर्यकांतरावांना आज लवकर जायचं होतं म्हणे, म्हणून वाटेत मेसमधून डबा घेऊन आली. दोन जिने चढल्याने धाप लागली होती. या अवस्थेत फिरू नये, असं मी सांगितलं. ती समोर बसून मी जेवतो ते पाहत राहिली. विचारलं, “आबा, भाकरी मऊ हाय ना?” मी म्हणालो, मऊ आहे, पण कडा जाड ठेवते तुमची मेसवाली. आणि सुचवलं की तू जाऊन तिच्याकडे चार गोष्टी शिकून घे, आईकडून तर काही शिकली नाहीस. ती हसली. तिला माझं बोलणं आवडतं.
जाताना पुन्हा म्हणाली, एक दिवस तरी घरी या. पाणी नका पिऊ, नुसतं बसा. मी म्हणालो, नुसतं बसायला गेलेला माणूस शेवटी चहा पितोच. तत्त्व असंच सुटतं. जिना उतरताना तिने कठडा घट्ट धरला होता. डोळे पुसत होती. थंडीने इथे सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी येतं.

२८ फेब्रुवारी
कडा पातळ झाल्या. शिस्तीचा परिणाम. या बाईला मी पार तयार केलं. पुस्तकात ‘परदेशात मी घडवलेली माणसं’ असं एक प्रकरण घालावं म्हणतो. पुस्तकाचं पहिलं पान मात्र अजून कोरं आहे, कारण टेबलावर दुसऱ्या कोणाच्या तरी कपाचे डाग आहेत आणि त्यावर वही ठेववत नाही.

५ मार्च
डबा नाही. सकाळी नाही, संध्याकाळीही नाही. ना माणूस, ना निरोप. सूर्यकांतराव, सौ., सगळे कुठे गेले? केळी संपली. बिस्किटं खाल्ली, त्यात अंडं आहे हे डब्यावर नंतर वाचलं. थुंकलो. पण सात खाऊन झाली होती.
गुजराती माणूस असा बेभरवशाचा असेल असं वाटलं नव्हतं. उद्या त्या बाईला कामावरून काढणार.

६ मार्च
दुपारी सूर्यकांतराव आले. दाढी वाढलेली. विजयाला काल पहाटे दवाखान्यात नेलं होतं, रात्री मुलगी झाली, थोडं अवघड गेलं, आता दोघी बऱ्या आहेत. लगेच कोट चढवला.
लेकरू लालबुंद, नाक आमच्या घराण्याचं. विजया पांढरी पडली होती. मी खुर्ची ओढून बसलो आणि सर्वांसमोर जाहीर केलं की आता नियम संपला, आजपासून मी तुझ्या घरी जेवायला मोकळा. पहिलं काम म्हणजे त्या मेसवालीला काढून टाका. काल दिवसभर डबा नाही, ना निरोप. माझा जीव जाता जाता राहिला.
विजयाने आईकडे पाहिलं. सौ. खिडकीकडे पाहू लागली.
विजया म्हणाली, “आबा, मेसवालीच बाळंत झाली.”
मी म्हणालो, असं का? मग तिला काय झालं, मुलगा की मुलगी?
सूर्यकांतरावांनी पाळण्याकडे बोट दाखवलं.

८ मार्च
काल काही लिहिलं नाही.
सौ.ला विचारलं, मला आधी काहून सांगितलं नाही. ती म्हणाली, “सांगितलं असतं तर तुमी जेवले असते का?” मग तिनेच सगळं सांगितलं. शेवटी शेवटी विजयाला ओट्यापाशी उभं राहवत नव्हतं, स्टुलावर बसून भाकरी थापायची. सौ. म्हणाली, मी करते, तर विजया म्हणे, लग्नापासून माझ्या हातची खाल्ली न्हाई आबानी, मीच करते. कडा जाड आहेत असं मी म्हणालो त्या दिवशी पहिल्या दोन भाकरी तिने मोडल्या आणि परत थापल्या.
बाळंतिणीला बापाने स्वतः करून घालू नये, असा काही नियम आहे का, आठवून पाहिला. सापडला नाही.
विजयाच्या घरी गेलो. घर रिकामं होतं. स्वच्छ होतं. माझ्यासाठी एक ताट आणि पाट वेगळे ठेवलेले दिसले, कोरे. खिचडी टाकली, डब्यात भरली आणि दवाखान्यात नेली. विजयाने जवळजवळ सगळी खाल्ली. म्हणाली, चांगली झाली, आबा.
डब्याच्या तळाला थोडी राहिली होती, ती मी जिन्यात उभं राहून खाल्ली. तांदूळ कच्चे होते.