पिवळ्या कापडाखाली

पेरुंगुडी, चेन्नई
१९ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं, आणि लाल पेन्सिलीने दुरुस्त केलेलं माझं आधीचं पत्रही. बाबा, मी एकतीस वर्षांची झाले. शाळा लांब म्हणून तिसरीपर्यंत रेल्वे क्वार्टरमध्ये तुम्हीच शिकवलंत, ते मान्य. पण ती पेन्सिल आता म्यान करा. आणि कानाचं यंत्र डब्यात ठेवण्यासाठी घेतलेलं नाही. ते लावलंत तर फोनवर बोलता येईल.

सिरुसेरीची आयटीतली नोकरी सोडून गुरुमूर्ती सरांच्या झाडांच्या कंपनीत आले त्याला फेब्रुवारीअखेर तीन वर्षं होतील. तेवढ्या अनुभवाचं पत्र सरांनी सही करून दिलं की मी वृक्षतज्ज्ञाच्या परीक्षेला बसू शकेन. न्यूझीलंडच्या कंपनीने मेपर्यंत जागा राखून ठेवली आहे. सगळं आता त्या एका पत्रावर आहे, म्हणून मी सध्या जिनासुद्धा कठडा धरून उतरते.

परवा इथल्याच एका सोसायटीतला जुना पर्जन्यवृक्ष तपासला. कुंपणाच्या भिंतीला टेकून उभा आहे. बुंध्याशी पिल्लैयारचं, म्हणजे आपल्या गणपतीचं, छोटं देऊळ आणि खोडाला हळदीचं पिवळं कापड गुंडाळलेलं. मी बूट काढले, कापडाला हात न लावता वरून खालून मोगरीने ठोकून पाहिलं, तुम्ही रेल्वेत गाडीची चाकं ठोकायचात तसंच. सगळीकडून आवाज भद्द आला. आत पोकळ आहे, वादळात पडेल, असा अहवाल दिला. खालून शाळेतली मुलं जातात, न लिहून चाललं नसतं. तरी मनाला लागून राहिलं आहे.

आईला नमस्कार. चुका सापडल्या तर जरूर मोजा, पण त्या हिशोबाने माया कमी करू नका.

आपली,
ऋजुता

---

भुसावळ
२७ जानेवारी २०२५

चि. ऋजुतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

या वेळी दोनच चुका निघाल्या, म्हणजे प्रगती आहे. भद्द आवाज आला असेल तर मनात शंका ठेवू नकोस. तुझा कान माझ्यावर गेला आहे, म्हणजे माझा चालत होता त्या काळातल्यावर.

शेजारच्या ऊर्मीताई विचारत होत्या, ऋजुता परदेशी कशाला जाते. मी सांगितलं, झाडांवर चढायला. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरा मी एकटाच नाही तर! खरं सांगतो, गार केबिन सोडून दोराला लोंबकळणारी मुलगी पाहून मलाही अजून शिसारी येते. ते फोटो पाठवणं बंद कर. तुझी आई ते देव्हाऱ्याशेजारी लावते आणि पूजा करताना माझं लक्ष उडतं.

पण काम पत्करलंस ते पुरं कर. ज्याच्याखाली बसून तू बाराखडी म्हणायचीस ते माझं दक्षतेचं प्रशस्तिपत्र अजून भिंतीवर आहे. शेजारी तुझ्या प्रमाणपत्रासाठी खिळा मारून ठेवला आहे. सरांची सही होईपर्यंत कुणाशी वाद घालू नकोस. तुला ती खोड आहे.

तब्येत सांभाळ, दोर तपासत जा.

तुझा,
बाबा

---

पेरुंगुडी
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, मला किळस आली आहे. काल झाड पाडलं. आमच्यातले सगळ्यात जुने नारायणस्वामी अण्णा करवत चालवत होते. शेवटचा काप घेतला आणि त्यांनी मला बोलावलं. कापलेल्या बुंध्याकडे बोट दाखवलं. बुंध्याचं लाकूड गच्च होतं, ओलसर, तपकिरी, मधोमध काळपट. बोट जाईल एवढीही पोकळी नव्हती.

मग मी ते कापड सोडलं. खाली रुंद लोखंडी पट्टा होता, भिंतीत बोल्टने आवळलेला. खोड आणि भिंत यांच्यामधली फट देवळाच्या मागून काँक्रीटने भरून टाकलेली. असं आवळलेलं खोड भद्दच वाजणार, ब्रेक लागलेल्या चाकासारखं. आधी ब्रेक सुटलाय का बघ, मग ठोक, हे तुम्ही मला अक्षरांच्याही आधी शिकवलंत. देवाचं कापड कसं सोडायचं म्हणून मी हात लावला नाही. एवढी मी सोवळी!

सोसायटीचे सेक्रेटरी शेषाद्री यांना पट्टा माहीत होता. पाच वर्षांपूर्वी झाडाला आधार म्हणून त्यांनीच बसवून घेतला. मी ठोकत होते तेव्हा ते माझ्यावर छत्री धरून उभे होते. का नाही सांगितलंत असं विचारलं, तर म्हणाले की मी विचारलंच नव्हतं, आणि आता इथे सहा गाड्या लागतील, पिल्लैयारलाही ऊन मिळेल. मग बुंध्यावरच वर्तमानपत्र पसरून सगळ्यांना केसरी वाटली, इथला तुपाने निथळणारा शिरा. माणसं बुंध्याला टेकून बोटं चाटत होती. एका बाईंनी प्रेमाने माझ्याही हातात द्रोण दिला. ते तूप आणि तो ओला भुसा, दोन्ही वास एकदम नाकात गेले. मी गेटबाहेर जाऊन ओकले.

नुंगंबाक्कमच्या ऑफिसात सरांनी बोलावून घेतलं. पालिकेला द्यायच्या शेवटच्या अहवालाला बुंध्याचा फोटो जोडावा लागतो. गेल्या वर्षीच्या एका पोकळ झाडाचा फोटो त्यांनी तयारच ठेवला होता. तो लावून मी सही करायची, की ते माझ्या अनुभवपत्रावर सही करणार. मुदत महिनाअखेरपर्यंत. मला लाडाने अम्मा, अम्मा म्हणत इतकं गोड समजावत होते की अंगावर काहीतरी सांडल्यासारखं वाटलं. घरी येऊन दोनदा आंघोळ केली.

काय करू ते लवकर कळवा.

आपली,
ऋजुता

---

भुसावळ
१५ फेब्रुवारी २०२५

चि. ऋजुतास,
अनेक आशीर्वाद.

सही कर आणि पत्र घे. झाड पडलं, ते आता कुणाच्या सहीने उभं राहणार नाही. तुझी चूक प्रामाणिक होती. लबाडी त्यांची आहे, तिचा भार तू कशाला वाहतेस? छत्तीस वर्षं नोकरी केली, कागद कसा चालतो ते मला माहीत आहे. फाईल बंद झाली की कुणी उघडत नाही. तिकडे जाऊन हजार झाडं वाचव, म्हणजे फिटेल.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. हे पत्र वाचून फाडून टाक.

तुझा,
बाबा

---

पेरुंगुडी
२० फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न.

पत्र फाडलेलं नाही. तीन वेळा वाचलं. तुमच्या अक्षरात दुसऱ्याच कुणी लिहिलंय का, ते बघत होते.

माझं गणित चुकलं तर तुम्ही कधी रागावला नाहीत. पण एकदा चुकलेलं उत्तर थुंकीने पुसून बरोबर आलं म्हणून दाखवलं, तेव्हा दोन दिवस पाटी काढून घेतलीत. मी त्याच पाटीवर शिकले, बाबा. आता कुठली धरू? परवापर्यंत ही किळस सोसायटीच्या गेटापाशी होती, ऑफिसात होती. आता ती आपल्या घरात शिरली आहे, आणि मला जेवण जात नाही.

सही अजून केलेली नाही. आईला नमस्कार. तुम्हालाही, सवयीने.

ऋजुता

---

भुसावळ
२६ फेब्रुवारी २०२५

चि. ऋजुतास,
आशीर्वाद.

या पत्रात लाल पेन्सिल तू चालव.

तू जन्मायच्या पाच वर्षं आधीची गोष्ट. यार्डात मालगाडीच्या एका वाघिणीचं चाक मला भद्द वाजलं. तडा आहे म्हणून ती मी बाजूला काढली. आदल्या दिवशी ती दत्ताजींनी पास केली होती. ते माझे सोबती, आम्ही एका डब्यात जेवायचो. हयगयीचा ठपका ठेवून त्यांची बढती थांबवली आणि लांब बदली केली. मला दक्षतेचं प्रशस्तिपत्र मिळालं.

महिन्याभराने वर्कशॉपचा कागद माझ्या टेबलावर आला. चाकात काही दोष नव्हता. मी ठोकलं तेव्हा ब्रेक लागलेला होता, आणि मी वाकून बघितलं नव्हतं. तो कागद मी फाईलमध्ये खाली घातला. कुणी फाईल उघडली नाही. मी तुला लिहिलं ते खोटं नव्हतं.

दत्ताजी तीन वर्षांपूर्वी वारले. आधी ब्रेक बघ, हे मी तुला सकाळ-संध्याकाळ म्हणायला लावायचो. त्यांना सांगायचं होतं ते तुला सांगत राहिलो. तुला किळस आली ते बरं झालं. मला तेव्हा यायला हवी होती. मी पेढे वाटले होते.

प्रशस्तिपत्र काल उतरवलं. भिंतीवर पांढरा चौकोन उरला आहे. तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती आज माझ्याशिवाय जेवली.

जमलं तर लोभ ठेव.

बाबा

---

पेरुंगुडी
३० मार्च २०२५

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला महिना लावला. रागही होता आणि कामही. तुमचं पत्र पोचण्याच्या दोन दिवस आधीच मी खऱ्या बुंध्याचा फोटो लावून पालिकेला लिहून दिलं होतं, की झाड निरोगी होतं आणि माझी तपासणी चुकली. पट्ट्याचाही फोटो जोडला. म्हणजे माझ्या निर्णयाचं श्रेय तुम्हाला मिळणार नाही. तुम्ही खरं सांगितलंत त्याचं मात्र आहे.

सरांनी अनुभवपत्र दिलं नाही. तीन वर्षं गेली. न्यूझीलंडला सगळं जसं घडलं तसं कळवलं. त्यांनी दोन ओळींत आभार मानले आणि जागा दुसऱ्याला दिली. अण्णाही सरांना सोडून निघाले आणि ज्या लहानशा कंपनीत गेले, तिथे मलाही घेऊन गेले. परीक्षेसाठी पुन्हा पहिल्या महिन्यापासून मोजायचं. अजून त्या सोसायटीवरूनच जावं लागतं. सहा गाड्या उन्हात तापत असतात आणि शेषाद्री हात हलवतात.

काल नव्या कामावर एक कडुनिंब होता, त्यालाही पिवळं कापड. रोज पूजा करणाऱ्या पाटींना, म्हणजे तिथल्या आजींना, मी कापड सोडायला सांगितलं. त्या माझ्या सात पिढ्यांवर घसरल्या. मी हात जोडून उभी राहिले. शेवटी बडबडत त्यांनीच गाठ सोडली. आत नुसती साल होती आणि मुंग्या. मी मागे जाऊन भिंत बघितली, वाकून मुळं बघितली, मग ठोकलं.

खणखणीत वाजला. तुम्ही शेजारी असतात तरी तुम्हाला ऐकू आला नसता, म्हणून लिहून कळवते आहे.

तो खिळा काढू नका. आणि दत्ताजींच्या घरी कोण असतं ते शोधा. पत्र तुम्ही लिहा. तपासायला माझ्याकडे पाठवा, लाल पेन्सिल मी घेतली आहे.

आईला नमस्कार. तुम्हालाही, आज सवयीने नाही.

आपली,
ऋजुता