तीनपैकी पहिलं भोक

प्रिय क्लिफर्ड,

तीन आठवडे हे पत्र टाळतोय. रोज कागद घेतो आणि काहीतरी निघतं. परवा चारकोपच्या आमच्या गाळ्यात उलटा फिरणारा पंखा आला, त्यात अर्धा दिवस गेला. त्याआधी चार दिवस गोरेगावला एका सेटवर केबल ओढत होतो. तिथे निळ्या कापडाचा समुद्र केला होता, खाली दहा माणसं आडवी पडून लाटा हलवत होती. एकाला तर खाली झोपच लागली, तेवढा समुद्र शांत. बघ, परत भरकटलो. खरं कारण एवढंच की मी तुझ्यावर जाम चिडलोय. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर तू बोटीवरून एक अंगठा पाठवशील आणि विषय संपेल. म्हणून तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर कागदच टाकतोय. कागदाला अंगठा पाठवता येत नाही.

तुझा व्हॉइस मेसेज अजून ठेवलाय मी. डॅडची गिटार पर्ल आणून देईल, वायरिंग नवीन कर, डिसेंबरात सुट्टीला आलो की घेऊन जातो. तारांचा आवाज पकडणारे दोन पिकअप, प्रत्येकात दोन कॉइल. तुला एकेक कॉइल वेगळी वाजवता यायला हवी, दोन पिकअप उलटे जोडून तो नाकातला बारीक आवाज हवा, शिवाय एकामागोमाग जोडून दणकाही हवा. म्हणजे तीन जादा स्विच, म्हणजे बॉडीला तीन भोकं. मी म्हटलं, यार, ओढून वापरायचे नॉब मिळतात, जुन्याच जागी बसतात, लाकडाला हात लावायला नको. तर तू म्हणालास, बोटीवरच्या स्टेजवर ते कळत नाहीत, स्विच म्हणजे स्विच, मी मागवून घरी पाठवतो. आणि शेवटी ते वाक्य. मार बिनधास्त, डॅड तरी आता कुठे वाजवतात!

मी गाढव, मी ऐकलं. तुझी ही बहीण गिटारची केस दारात ठेवून तशीच वळून गेली. मला वाटलं, सहा महिने हंपीला जाऊन बसलो, तिच्या एंगेजमेंटला आलो नाही, म्हणून बाई खार खाऊन आहेत. गुणाजी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी मोटारींचं वाइंडिंग शिकतोय ते, तुझी डायग्राम बघून म्हणाले, झिला, इतकी बटणां कित्याक? मिक्सर आसा काय तो? मी हसलो, आणि त्यांच्याच ड्रिलने पहिलं भोक मारलं. तीस वर्षं लग्नांत वाजलेलं लाकूड, क्लिफी. ड्रिल आत जाताना त्याला जुन्या कपाटासारखा वास आला.

मग पिकअप बदलायचा जुना सिलेक्टर ठेवायचा की काढायचा, तेवढं अंकलना विचारावं म्हणून गिटार घेऊन खारदांड्याला तुमच्या घरी गेलो. अंकल खिडकीशी बसले होते. उजवा हात मांडीवर उपडा, तीन बोटं आत वळलेली. तुला काय सांगितलंय घरच्यांनी? थोडं प्रेशर वाढलं होतं. मलाही तेवढंच. प्रेशर नव्हतं रे ते. मार्चमध्ये झटका आला त्यांना, उजव्या बाजूला.

तू दर रविवारी व्हिडिओ कॉल करतोस ना, तेव्हा पर्ल मोबाइल असा धरते की उजवा हात दिसूच नये. अंकल डावा हात हलवून हलवून बोलतात आणि तुला वाटतं म्हातारा फॉर्मात आहे. सात महिने! एकदाही म्हणाला नाहीस, डॅड, काहीतरी वाजवून दाखवा. एकदा म्हणाला असतास तर सगळं बाहेर आलं असतं.

आणि ते वाजवतात. तुझी मागणी येईपर्यंत रोज संध्याकाळी चहा झाला की वाजवायचे. त्यांनी भोकावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, बरं झालं, हवा येईल आत. मग गिटार मांडीवर घेतली. डाव्या हाताला काही झालेलं नाही, सगळे सूर बरोबर जागेवर. उजव्याचा फक्त अंगठा. सिलेक्टर मुठीच्या कडेने ढकलतात, मानेकडच्या पिकअपवर. तो गोल, मऊ वाजतो, चुकलेला फटका पोटात घालतो. खालच्या टोकाचा, ब्रिजकडचा, लगेच चुगली करतो. आवाज वाढवायला गेले तर नॉबवरून बोटं घसरली, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही, मला चहा विचारला.

म्हणून तुझ्या तीन स्विचची वाट लागली असं समज. मानेकडचा पिकअप मी कायमचा चालू ठेवलाय. आवाजाचा नॉब वायरिंगमधून काढून टाकलाय, आवाज अँपवरून पर्ल ठरवेल. मी मारलेल्या भोकात एकच स्विच आहे, ब्रिजचा पिकअप सोबत घ्यायचा की नाही, एवढाच. त्याला गुणाजींनी बोटभर लांब दांडा बसवलाय, मुठीने नुसता धक्का दिला तरी पडतो. तुला हा झकास वाटणार नाही. तुझ्यासाठी नाहीच तो.

आता ऐक. निघताना अंकलनी माझा शर्ट धरला, डाव्या हाताने. देवेश, क्लिफीला सांगायचं नाय हां, पोरगा काँट्रॅक्ट सोडून येईल. मी हो म्हटलं. तीन आठवडे तो शब्द पाळला आणि तीन आठवडे तुझ्यावर, पर्लवर, त्यांच्यावर, स्वतःवर धुमसत राहिलो. आज मोडतोय तो शब्द, त्यासाठीच हे पत्र. गिटार बोटीवर येणार नाही. तू ये. डिसेंबरची वाट बघू नकोस. मला शिव्या घालायच्या असतील तर इथे समोर उभा राहून घाल.

थांब. गाळ्यासमोर रिक्षा थांबलीय, गुणाजी काम टाकून धावलेत. अरे, अंकल आहेत! एकटे. खारदांड्याहून चारकोपपर्यंत एकटे रिक्षाने आलेत, काखेत तुझ्या नावाचं पार्सल दाबून. मला बघून लांबूनच ओरडतायत, क्लिफीचे स्विच आले रे, तुझं काम अडलं असेल ना! ते दारापर्यंत पोचायच्या आत हे पाकिटात घालून चिकटवतो.

चिडलेला, तरी तुझाच,
देवेश