रुसवी

प्रिय ताई,

मागच्या पत्रात तुझी रुसवी मेली असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. नुसती पानं वाळली होती. थंडी सरताच परसातल्या त्याच मुरमाड कोपऱ्यात, दगडांच्या फटीतून तिने पुन्हा डोकं वर काढलंय. वरून वाळलं म्हणजे मेलं असं नसतं, खाली मूळ असतं, हे बाबांनी आपल्याला शाळेत घालायच्या आधीच घड्याळाच्या दुकानातल्या बाकावर बसवून शिकवलं होतं. मला आठवायला हवं होतं. पण मेली असं लिहिताना मला जरा बरंच वाटलं होतं, तेही सांगून टाकते.

बाबा सकाळी चहाच्या आधी तिच्याकडे जातात. घड्याळं दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला लावून त्या नखाएवढ्या जांभळ्या फुलात बघत बसतात. दुपारी ते मिटलं की म्हणतात, "गेली बघ रुसून. अगदी थोरलीवर गेलीय!" तू दारामागे फुगून बसायचीस तेव्हाच त्यांनी तिचं हे नाव ठेवलं. एका फुलाला माझंही नाव द्या म्हणून मीही हट्ट धरला होता. तर म्हणाले, "तू कुठे रुसतेस बाळा? तू गुणाची." गुणाच्या मुलीच्या नावाचं फूल नसतं, ताई. हल्ली त्यांचा हात थरथरतो, बारीक स्क्रू मीच बसवते. गिऱ्हाइकाने कौतुक केलं की बाबा म्हणणार, "थोरलीचा हात याहून हलका होता." तू भांडून गेलीस, एका ओळीचं उत्तर देत नाहीस, तरी हात तुझाच हलका!

घरमालक मंगळवारी परसात काँक्रीट ओतणार आहेत, गाड्या लावायला. मी खुरपं घेऊन निघाले तर बाबा आडवे आले. "तिची आहे ती. तीच येऊन काढेल. कळव तिला." म्हणून हे पत्र. तू यावंस असं वाटतं, आणि येऊ नयेस असंही. मूळ खोल आहे, तुटलं तर ती खरंच मरेल. न थरथरणारा हात या घरात आता माझाच आहे. आलीस तर खुरपं तुझ्या हातात देईन. नाही आलीस तर बाबांचं न ऐकता मीच तिला काढीन आणि माझ्या खिडकीत लावीन. त्यांनी अबोला धरला तर धरू देत, एकदा मीही रुसून बघते. काढायची ती रविवारी, चौदा तारखेला, फूल मिटायच्या आत.

तुझीच,
गुणाची